वाशातला खिळा आणि पेशीतली पक्कड

गेल्या मे महिन्यात गावी होतो. वाडीतले एक आजोबा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल घेऊन आमच्या ओटीवर आले. मुंबईच्या कुठल्याशा प्रयोगशाळेचा कागद बाहेर काढून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्यां काय ता माका समजना नाय. तूच वाच." मी जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण एकदा पांढरा कोट घातलेला माणूस गावात कायमचा डॉक्टरच असतो. ओळ एवढीच होती: आरिलसल्फेटेज ए, कमी. नात दोन वर्षांची. वेळेवर चालायला लागली होती, आता पुन्हा अडखळत होती. घरात पहिला अंदाज 'बाहेरचं काहीतरी लागलं' असाच निघाला होता, आणि देवळात गाऱ्हाणं घालूनही झालं होतं.

त्याच दिवशी आमच्या जुन्या घराचं छप्पर उतरवायचं काम चाललं होतं, आणि ते अडलं होतं. कौलारू छप्पर उतरवायचा क्रम ठरलेला असतो: आधी आढ्यावरचे कोने, मग कौलं, मग रिपा, मग वासे, शेवटी आढं. मधली पायरी गाळून पुढे जाता येत नाही. कौलं उतरून खळ्यात रचून झाली होती. पण रिपा वाशांना जुन्या, गंजक्या खिळ्यांनी ठोकलेल्या, आणि खिळे उपटायची पक्कड सुतार दुसऱ्या कामावर विसरून आला होता. चार माणसं, दोन शिड्या, वासे न्यायला बोलावलेला टेम्पो, सगळं हजर. एका पक्कडीपायी सगळे पान चघळत बसले होते. आजोबांना मी ते छप्परच दाखवलं. म्हटलं, नातीच्या अंगात असंच झालं असण्याची शंका आहे.

आपल्या शरीरात रोज बांधकाम चालतं तसं उतरवायचं कामही चालतं. पेशींचे जुने भाग मोडायचे, त्यातलं लाकूड-कौल पुन्हा वापरायचं. हे काम पेशीतल्या ज्या बारीक पिशव्यांमध्ये होतं त्यांना लायसोसोम म्हणतात. आत आम्ल असतं आणि पन्नासाहून जास्त प्रकारची एन्झाइमं असतात, शाळेच्या पुस्तकात ज्यांना आपण विकरं म्हणायचो ती. बेल्जियमच्या क्रिस्तियान द द्यूव यांना या पिशव्या सापडल्या त्या जवळजवळ चुकून. ते उंदराच्या यकृतावर काम करत होते, आणि एका एन्झाइमचं काम अपेक्षेच्या मानानं फारच थोडं दिसत होतं. नमुना फ्रीजमध्ये ठेवून पाच दिवसांनी पुन्हा मोजला तर आकडा हवा तेवढा आला. म्हणजे एन्झाइम होतं, पण कुठल्यातरी पिशवीत बंद होतं, आणि ठेवून ठेवून ती पिशवी फुटली होती. १९५५ साली तिला नाव मिळालं आणि १९७४ साली त्यांना नोबेल. शिळा नमुना फेकून न देण्याचा इतका मोठा फायदा फार थोड्यांना झाला असेल.

आता खिळे. कुर्चा, त्वचा, हृदयाच्या झडपा, डोळ्याचा पारदर्शक पडदा या सगळ्यांत साखरेच्या लांबलचक साखळ्या असतात आणि त्यांच्यावर जागोजागी सल्फेटचे गट बसवलेले असतात. हे सल्फेट तिथे उगाच नसतात. त्यांच्यावरच्या विद्युतभारामुळे पाणी धरून ठेवलं जातं, म्हणून गुडघ्यातली कुर्चा दाबली तरी पुन्हा फुगते. पण साखळी जुनी झाली की ती एका टोकापासून, एकेक तुकडा करत उतरवावी लागते, आणि टोकाला सल्फेट असेल तर तो उपटल्याशिवाय पुढचा तुकडा सुटत नाही. सल्फेट उपटणाऱ्या पक्कडी म्हणजे सल्फेटेज. माणसाच्या जनुकांत अशा सतरा पक्कडींचे आराखडे आहेत. प्रत्येकीचा खिळा ठरलेला, एकीचं काम दुसरी करत नाही. एक नसली की तिच्या पायरीवर सगळं थांबतं. पुढच्या पायऱ्यांची एन्झाइमं धडधाकट असतात, पण त्यांच्यापर्यंत काम येतच नाही. अर्धवट उतरवलेलं सामान पिशवीतच पडून राहतं, पिशवी फुगते, पेशी फुगते. या आजारांना साठवणुकीचे आजार म्हणतात ते यामुळे. बाहेरून काही आत आलेलं नसतं, आतलं बाहेर गेलेलं नसतं.

"म्हंजे लागीर नाय?" आजोबांनी विचारलं. नाही म्हटलं. त्यांना त्यानं बरं वाटलं की वाईट, हे मला चेहऱ्यावरून कळलं नाही.

मूल जन्मतः चांगलं का दिसतं, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते आणि तो बरोबर आहे. पोटमाळ्यावर सामान टाकत गेलं तर पहिली दोन-चार वर्षं खालच्या माणसाला पत्ताही लागत नाही. तुळई वाकायला लागते तेव्हा माळा कधीच भरलेला असतो. या आजारांत महिने किंवा वर्षं जातात, आणि कुठल्या अवयवात ते सामान जास्त तयार होतं त्यावर पहिलं लक्षण ठरतं.

आजोबांच्या कागदावरची आरिलसल्फेटेज ए ही पक्कड सल्फॅटाइड नावाच्या स्निग्ध पदार्थावरचा सल्फेट काढते. सल्फॅटाइड असतं मज्जातंतूंच्या आवरणात, म्हणजे विजेच्या वायरवर जसं रबर असतं तसल्या आवरणात. ते साठत गेलं की ते आवरण तयार करणाऱ्या आणि राखणाऱ्या पेशीच मरतात आणि आवरण झिजतं. तार आत असते, पण निरोप नीट पोचत नाही. म्हणून पहिला फटका चालण्याला. लहानपणीच्या प्रकारात साधारण अडीच वर्षांच्या आतच मूल अडखळू लागतं, मग उभं राहणं जातं, मग बोलणं, गिळणं. आजाराचं नाव मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी. यातल्या 'मेटाक्रोमॅटिक'चा अर्थ रंग बदलणारा. सूक्ष्मदर्शकाखाली बघताना नेहमी जांभळा दिसणारा रंग या साठ्यावर पडला की तपकिरी दिसतो, त्यावरून हे नाव आलं. आजार मोठेपणीही सुरू होऊ शकतो, आणि तेव्हा तो स्वभाव बदलण्यातून दिसतो. माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे वर्षानुवर्षं फिरत राहतो आणि कोणी एमआरआय काढत नाही.

डॉक्टरकीतलं मला जे थोडं कळतं, त्यात एक गोष्ट मी कुणालाही सांगेन. मूल उशिरा शिकतंय ही एक तक्रार, आणि शिकलेलं विसरतंय ही दुसरी. 'आमचा बाबाही उशिराच चालला' हे उत्तर पहिलीला एक वेळ चालेल. दुसरीला नाही.

बाकीच्या पक्कडींपैकी इड्युरोनेट सल्फेटेज नसली तर हंटर आजार होतो. १९१७ साली कॅनडातल्या चार्ल्स हंटर या डॉक्टरनी दोन भावांचं वर्णन केलं, त्यांचं नाव पडलं. पोट मोठं, कारण यकृत आणि प्लीहा सुजलेली. बोटं आखडलेली, चेहरा जाड, सर्दी आणि कानाचं दुखणं कायमचं, बेंबीचा किंवा जांघेतला हर्निया. याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून आजार जवळजवळ फक्त मुलग्यांना होतो आणि आईकडून येतो. मुलग्याला एकच एक्स असतो. आईकडे दोन असतात, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा तिचं काम भागवतो. आपल्याकडे मुलगा 'मामावर गेला' असं कौतुकानं म्हणतात. इथे ते म्हणणं वेगळ्या अर्थानं खरं ठरू शकतं. लहानपणीच गेलेला एखादा मामा, आजीचा एखादा भाऊ, ज्याचा घरात कुणी विषय काढत नाही, त्याच्याबद्दल डॉक्टरला सांगायला हवं. आणि हे सांगताना आईला कुणी दोष देऊ नये. तिनं काही केलेलं नसतं, कधीकधी तर बदल तिच्यातही नसतो, तो मुलातच नव्यानं झालेला असतो.

मॉर्क्विओ ए आणि मारोतो-लामी या दोन आजारांत बुद्धी शाबूत राहते, मार हाडांवर असतो. उंची खुंटते, छाती पुढे येते, गुडघे आत वळतात. वर्गात पहिला येणारा मुलगा बाकावर चढू शकत नाही, असं घडतं. सॅनफिलिपोच्या ए आणि डी प्रकारांत उलट होतं. शरीर बऱ्यापैकी, पण मूल रात्र रात्र झोपत नाही, घरभर धावतं, वस्तू फेकतं आणि हळूहळू बोलणं विसरतं. त्याला वर्षानुवर्षं 'द्वाड' म्हटलं जातं.

सतरांपैकी सगळ्या पक्कडी लायसोसोममध्ये नसतात. स्टेरॉइड सल्फेटेज पेशीत दुसरीकडे काम करते. ती नसली तर मुलाच्या अंगावर, विशेषतः पायांवर, काळपट खवले येतात. या आजाराचं इक्थिओसिस हे नाव ग्रीक भाषेतल्या माशाच्या शब्दावरून पडलं आहे. किनाऱ्यावर ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. या मुलाच्या जन्माच्या वेळी आईच्या कळा कधीकधी उशिरा सुरू होतात, कारण वारेतलं संप्रेरकाचं गणित हेच एन्झाइम सांभाळतं. या आजाराचा त्रास मुख्यतः त्वचेपुरता, आयुष्य पूर्ण. सतरांतला हा त्यातल्या त्यात सौम्य भाऊ.

आणि एक विचित्र गोष्ट, जी मला शिकवतानाही सगळ्यात जास्त आवडायची. या सतराही पक्कडी तयार होतात तेव्हा बोथट असतात. त्यांच्या तोंडाशी सिस्टीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. ते बदलून फॉर्मिलग्लायसिन केलं की मगच पक्कड धरायला लागते. हा बदल करणारं एन्झाइम एकच आहे. गावातल्या सगळ्या कोयत्यांना धार लावणारा लोहार एकच असावा तसं. तो लोहार आजारी पडला की कोयते घरोघर असतात, पण एकही कापत नाही. त्याचं जनुक एसयूएमएफ१, आणि ते २००३ साली जर्मनी आणि इटलीतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधलं. ते बिघडलेल्या मुलात मज्जातंतूंचा आजार, हाडांचा आजार आणि अंगावरचे खवले हे सगळं एकत्र दिसतं. याला मल्टिपल सल्फेटेज डेफिशियन्सी म्हणतात, आणि हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे.

दुर्मीळ असला तरी तो आजोबांच्या कागदाशी थेट जोडलेला आहे. एका पक्कडीचा आकडा कमी आला की प्रयोगशाळेनं आणखी एक तरी सल्फेटेज मोजून बघायला हवी. दुसरीही कमी निघाली तर संशय लोहारावर, आणि मग आजार वेगळा, पुढचं सगळं बोलणं वेगळं. त्या कागदावर दुसरी मोजलेली नव्हती.

दुसरी अडचण याहून फसवी आहे. पुष्कळ धडधाकट माणसांत आरिलसल्फेटेज ए मुळातच कमी असते. प्रयोगशाळेच्या नळीत तिचं काम नेहमीच्या दहाव्या हिश्श्याइतकं दिसतं, पण पेशीला तेवढं पुरतं आणि माणूस नव्वदीपर्यंत नारळ सोलत राहतो. याला स्यूडोडेफिशियन्सी म्हणतात, खोटी कमतरता म्हणू या. तिच्यामागचा जनुकबदल काही दुर्मीळ नाही. म्हणून नुसत्या एका आकड्यावर निदान करायचं नसतं. लघवीत सल्फॅटाइड वाढलंय का, मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढऱ्या भागात बदल आहेत का आणि जनुकाच्या तपासणीत काय निघतं, हे एकत्र बघायचं असतं. आजोबांना मी 'घाबरू नका' म्हटलं नाही, कारण नात खरोखरच अडखळत होती. पण हा कागद म्हणजे निकाल नाही, एवढं नक्की सांगितलं.

"पण आमच्या घराण्यात असां कोणाक झालां नाय," हे त्यांचं पुढचं वाक्य. हंटर आणि खवल्यांचा आजार सोडला, तर मी इथे नावं घेतलेले बाकीचे आजार लपून चालतात. प्रत्येक आराखड्याच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत खराब असली तरी दुसरी काम चालवते, माणसाला जन्मभर काही कळत नाही. दोन्ही पालकांची एकेक प्रत खराब असेल, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की मुलाला दोन्ही खराब प्रती येतील. लोक याचा अर्थ 'एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली' असा घेतात. तसं नाही. दर खेपेला नाणं नव्यानं उडतं.

मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे चालतं, आणि नातीचे आईवडील तसेच होते. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या जनुकांचा आठवा हिस्सा सारखा असतो, त्यामुळे एकच खराब प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. वाढते म्हणजे वाढते, खात्री होत नाही. अशा बहुतेक जोडप्यांची मुलं निरोगीच असतात. आणि नात्यात लग्न न करताही, पिढ्यान् पिढ्या चार-पाच वाड्यांतच सोयरिकी होत आलेल्या गावात फार वेगळं घडत नाही. आजोबा गप्प झाले, कारण हे लग्न त्यांनीच ठरवलेलं होतं. मी विषय पुढे नेला.

औषध आहे का? काहींना आहे, आणि त्याची गोष्ट चांगली आहे. १९६८ साली अमेरिकेत एलिझाबेथ न्यूफेल्ड यांच्या प्रयोगशाळेत हंटर आणि हर्लर या दोन वेगळ्या आजारांच्या मुलांच्या त्वचेच्या पेशी एकाच भांड्यात वाढवल्या. दोन्हींचा साठा ओसरला. एकीकडे जे एन्झाइम नव्हतं ते दुसरीकडे होतं, आणि ते थोडं बाहेर झिरपून शेजारणीला मिळालं. आपल्याकडे वाटीभर विरजण कुंपणावरून जातं, तसं. पुढे कळलं की या एन्झाइमांवर मॅनोज-६-फॉस्फेटची एक चिठ्ठी असते आणि पेशी ती वाचून त्यांना आत घेते. मग असं एन्झाइम कारखान्यात बनवून शिरेतून देता येईल हे उघड झालं. मारोतो-लामीचं औषध २००५ साली आलं, हंटरचं २००६ साली, मॉर्क्विओ ए चं २०१४ साली. तिन्ही दर आठवड्याला, काही तास सलाईनसारखी चढवायची, जन्मभर.

या औषधांनी यकृत उतरतं, दम वाढतो, चालणं सुधारतं. पण ती मेंदूत जात नाहीत. पाहुणा खळ्यात येतो, पडवीत बसतो, ओटीवर चहा घेतो, पण माजघराचं दार त्याला उघडत नाही. मेंदूचं माजघर फार कडक आहे. जपाननं २०२१ साली हंटरसाठी मंजूर केलेलं एक औषध, रक्तातलं लोह ज्या वाटेनं मेंदूत जातं त्या वाटेला जोडून तयार केलंय. घरच्या माणसाचा हात धरून माजघरात शिरावं तसं.

आजोबांच्या नातीचा आजार खरा ठरला तर तिच्यासाठी असं दर आठवड्याचं औषध नाही. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफीवर जनुकोपचार आहे. मुलाच्याच रक्ताच्या मूळ पेशी काढायच्या, त्यांत चांगलं जनुक घालायचं आणि परत द्यायच्या. त्यांच्या काही वंशज पेशी मेंदूत जाऊन वसतात आणि तिथे एन्झाइम वाटतात. युरोपनं हा उपचार २०२० साली मंजूर केला, अमेरिकेनं मार्च २०२४ मध्ये. तिथली किंमत साडेबेचाळीस लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं ३५ कोटींच्या घरात. आणि लहानपणीच्या प्रकारात तो लक्षणं दिसायच्या आधीच द्यावा लागतो. लक्षणांआधी कळणार कसं? बहुतेकदा एकाच वाटेनं: थोरल्याला आजार निघाला म्हणून धाकट्याची तपासणी होते. थोरल्याच्या निदानानं धाकटा वाचतो. हे वाक्य मी ओटीवर उच्चारलं नाही, इथे लिहितोय.

भारत सरकारचं दुर्मीळ आजारांचं धोरण २०२१ साली आलं, आणि २०२२ पासून ठरावीक केंद्रांमार्फत एका रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. आपल्याला जवळचं केंद्र म्हणजे मुंबईचं केईएम. यादीत हंटर, मॉर्क्विओ ए, मारोतो-लामी आहेत. रक्कम मोठी वाटते, पण औषधाची मात्रा वजनावर असते. मूल औषधानं सुधारलं, वाढलं, की खर्चही वाढतो आणि पैसे लवकर संपतात. त्यात कुडाळहून दर आठवड्याला रात्रीच्या गाडीनं मुंबई आणि परत, हे एखादं कुटुंब किती महिने करील, याचा हिशोब धोरणात नाही. जिल्ह्यातच ते सलाईन लावायची सोय झाली तर निम्मा प्रश्न सुटेल, असं माझं मत.

पुढच्या गरोदरपणी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीक नमुना घेऊन तपासणी करता येते, कायद्यानं ती आनुवंशिक आजारासाठी चालते. पण घरातल्या आजारी मुलाचा नेमका जनुकबदल आधी कळलेला असावा लागतो. गरोदर राहिल्यावर धावपळ सुरू केली तर आठवडे निघून जातात.

हर्नियाबद्दल एक गोष्ट राहून गेली. साखळ्या साठणाऱ्या या मुलांची मान आखूड, जीभ मोठी, श्वासमार्ग अरुंद असतो. मॉर्क्विओत तर मानेचे वरचे मणकेच ढिले असतात. साध्या हर्नियाच्या ऑपरेशनला भूल देताना धोका होतो. निदान झालं असेल किंवा नुसती शंका असेल, तरी भूलतज्ज्ञाला आधी सांगायचं, ऑपरेशन कितीही लहान असो.

एवढं बोलून होईपर्यंत सुताराचा पोरगा पक्कड घेऊन आला आणि रिपा सुटायला लागल्या. आजोबांनी विचारलं, पुढचा नमुना इथून धाडला तर चालेल का. रक्त उन्हाळ्यात इथून धाडणं मला नको वाटत होतं. एन्झाइम उष्णतेत मरतं, आणि मग आकडा कमी आला तो मुलीमुळे की टेम्पोतल्या उकाड्यामुळे हे कोण सांगणार? काही प्रयोगशाळा कागदावर वाळवलेला रक्ताचा थेंब चालवून घेतात. पण तोही सावलीत तीन-चार तास पूर्ण सुकवून, ओल शोषणाऱ्या पुडीसकट बंद करावा लागतो, आणि आपल्याकडे मृग लागला की काहीच सुकत नाही. त्यापेक्षा मुलीला घेऊन एकदा मुंबई गाठावी, रक्त आणि लघवी तिथेच द्यावी, दुसरी सल्फेटेजही मोजा असं चिठ्ठीवर लिहून घ्यावं. शनिवारी जाऊ नये, रविवारी नमुना पडून राहतो.

त्यांनी फाईल पुन्हा पिशवीत गुंडाळली. "मगे सोमवारी सकाळी थंय पोचतलंय," म्हणाले, आणि खळ्यातल्या कौलांच्या राशीला वळसा घालून रविवारच्या गाडीचं तिकीट बघायला गेले.